टाच उचलायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

काल तांदळाचे १५ कट्टे उतरवून घेतले आणि रात्री मांडी घालून जेवायला बसलो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मॅडमना कळव." म्हणून हे पत्र.

२२ वर्षं किराणा दुकान चालवतोय. ३० किलोचा कट्टा उचलायचा, पाय जागेवर रोवलेले ठेवून कमरेतून गर्रकन वळायचं आणि मांडणीवर टाकायचा, हा रोजचा शिरस्ता. गेल्या वर्षी कंबर धरली. कुणीतरी पोट मजबूत करा म्हटलं म्हणून एका जिममध्ये गेलो. तिथे हातात १० किलोची प्लेट देऊन भराभर डावीउजवीकडे वळायला लावलं. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठता येईना. मग तुमच्याकडे व्यायाम शिकायला आलो.

तुम्ही खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर रबरी पट्टा बांधलात आणि मला खिडकीकडे एक बाजू करून उभं केलंत, तेव्हा खरं सांगतो, पोटात गोळा आला. पुन्हा वळायचं? पण आधी तुम्ही मणक्यांचा सांगाडा हातात दिलात. कमरेचे पाचही मणके मिळून जेमतेम १०-१५ अंश वळतात; बाकीचं वळण खुब्यांतून आणि छातीमागच्या मणक्यांतून यायला हवं. इतकी वर्षं मी कमरेकडून भलतंच काम करून घेत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल, पट्टा दोन्ही हातांत छातीसमोर. श्वास सोडत खिडकीपासून दूर वळायचं, आणि वळताना खिडकीकडच्या पायाची टाच उचलून चवड्यावर फिरवायची. परत येताना तीन आकडे मोजायचे, पट्ट्याच्या ओढीनं खेचलं जायचं नाही. सांगायला एवढंच, पण माझे हात सारखे छातीच्या पुढे पळायचे. मग तुम्ही पट्टा काढून घेतलात आणि काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला छातीसमोर धरायला दिलात. हात छातीला सोडून पुढे गेले की पाणी सांडायचं. पहिल्या दिवशी माझा शर्ट भिजला होता. तुम्ही न बोलता पेला परत भरलात, पाच वेळा तरी.

प्रत्येक बाजूला दहा वेळा करायचं ठरलं होतं. एकदा आठव्याला माझी कंबर वाकडी झाली आणि तुम्ही तिथेच थांबवलंत. "दोन राहिले की," मी म्हणालो. "चुकीचे दोन नकोत," तुम्ही म्हणालात. तेव्हा राग आला होता. त्याबद्दल माफी असावी.

आता कट्टा अंगाशी धरून पाऊल वळवतो, मगच ठेवतो. दुकानातला पोरगा १९ वर्षांचा आहे, माझ्यासारखाच कमरेतून वळायचा. त्यालाही पेला दिला. परवा तो साखरेचा कट्टा ठेवत होता आणि मी त्याच्या टाचेकडे बघत होतो. उचलली त्यानं.

आपला कृतज्ञ,
कोपऱ्यावरचा दुकानदार