विष यकृतातच तयार होते

आरोग्य पुरवणीतील यकृताच्या संरक्षक एन्झाइमांवरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण ‘एन्झाइमे वाढवा, यकृत वाचवा’ हा त्यातला सूर पटला नाही. यकृतातील सगळीच एन्झाइमे रक्षण करत नाहीत. पॅरासिटामॉलचेच पाहा. नेहमीच्या मात्रेत त्याचा बहुतांश भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. थोड्या भागाचे मात्र सायटोक्रोम पी-४५० गटातील एन्झाइमे ‘नॅपक्वी’ या जहाल पदार्थात रूपांतर करतात. तो ग्लुटाथायोन या पेशींतील संरक्षक रेणूशी बांधला जातो तोवर काही बिघडत नाही. मात्रा बेसुमार झाली, की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि नॅपक्वी पेशींतील प्रथिनांना चिकटून त्या मारतो. नियमित मद्यपानाने सीवायपी२ई१ हे याच गटातील एन्झाइम वाढते. ही वाढ हितकारक कशी म्हणायची?

म्हणूनच डॉक्टर उतारा म्हणून एन्झाइम नव्हे, तर एन-ॲसिटिलसिस्टीन देतात. त्यातून शरीर ग्लुटाथायोन पुन्हा तयार करते. अतिमात्रा पोटात गेल्यापासून ८ तासांच्या आत हे औषध सुरू झाले, तर यकृताला गंभीर इजा सहसा होत नाही. पहिल्या दिवशी मात्र लक्षणे फारशी दिसत नाहीत, रुग्ण बरा वाटतो आणि नेमकी तिथेच वेळ हातची जाते. लेखात पूरक गोळ्यांना दिलेली चौकट या माहितीला मिळायला हवी होती.

– एक वाचक