झाडं लावा साहेब, पण पडलेल्या पानांचं काय होतं तेही बघा : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

शहरात झाडं वाढवायची योजना जाहीर झाली की मला मनापासून आनंद होतो, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून हा माणूस झाडांच्या विरोधात आहे असं कुणाला वाटायला नको. मला बोलायचंय ते झाड लावल्यानंतरच्या गोष्टीबद्दल, म्हणजे त्याची पानं कुठे पडतात आणि पाऊस आला की कुठे जातात याबद्दल.

तळं हिरवं पडलं, नाल्याला वास यायला लागला की आपण सगळे सांडपाण्याकडे बोट दाखवतो आणि ते बरोबरच आहे, जिथे मैला तसाच सोडला जातो तिथे आधी तोच थांबवायला हवा. पण सांडपाण्याची लाईन नीट केल्यावरही पावसाळी गटारातून फॉस्फरस आणि नायट्रोजन, म्हणजे शेवाळाला खतासारखी लागू पडणारी द्रव्यं, येतच राहतात. ती येतात कुठून, तर लॉनला मारलेलं खत, कुत्र्यांची घाण, वाहून आलेली माती, आणि ज्याचा हिशोब सहसा कुणी धरत नाही तो पालापाचोळा, फुलं, बिया. हे सगळं पाण्यात गेलं की शेवाळ माजतं, मग ते मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं आणि मासे मरून वर येतात. फॉस्फरस काय करतो हे बघायचं असेल तर कॅनडात १९७३ साली एक तळं मधे पडदा टाकून दोन भागांत तोडलं होतं, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकाच बाजूला फॉस्फरसही घातला, आणि तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली.

आता पानाचं बघा. झाड मुळांनी जमिनीतून फॉस्फरस ओढतं, तो पानात जातो, पान गळून मातीवर पडलं तर तिथेच कुजतं आणि परत झाडाला मिळतो. हेच पान डांबरावर पडलं तर त्यावरून गाड्या जातात, त्याचा भुगा होतो, भुगा रस्त्याच्या कडेला साचतो आणि पहिल्या सरीला गटाराच्या जाळीतून खाली. एखाद्या बादलीत वाळलेली पानं भिजत घालून बघा, काही तासांत पाणी तपकिरी होतं, त्या रंगाबरोबर फॉस्फरसही विरघळून पाण्यात उतरतो, म्हणजे पान जाळीवर अडकलं तरी त्यातला फॉस्फरस केव्हाच पुढे गेलेला असतो. त्यामुळे जाळ्या बसवल्या, काम झालं, असं होत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात हे मोजलंय. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पानगळीच्या काळात पाऊस येण्याआधी रस्ते साफ केले, तर पावसाच्या पाण्यातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ७४ टक्क्यांनी कमी झाला. रस्ते साफ केले नाहीत तर हिवाळा सोडून वर्षभरातल्या एकूण फॉस्फरसपैकी ५६ टक्के एकट्या पानगळीच्या पाल्यातून आला, साफ केल्यावर तो वाटा १६ टक्क्यांवर आला. तिथलं हवामान वेगळं, झाडं वेगळी, आकडे जसेच्या तसे सगळीकडे लागू होणार नाहीत, पण एवढा मोठा फरक नुसत्या वेळेवर झाडण्याने पडतो ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाहीये.

म्हणून झाडं कमी करा असं अजिबात नाही, उलट. मोकळ्या मातीत उभं असलेलं झाड पाणी साफच करतं, पानांवर पाऊस झेलतं, मुळांनी खत शोषून घेतं, आणि नुसत्या लॉनपेक्षा झाडाखालच्या मातीतून फॉस्फरस कमी झिरपतो. नाल्याकाठच्या ओल्या, दलदलीच्या जमिनीत तर जीवाणू नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचा, वायू करून हवेत सोडतात, फुकटात. पण आपण काय करतो, नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रिटच्या भिंती बांधतो, पाणी त्या मातीला शिवतच नाही, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावून आळंसुद्धा ठेवत नाही.

आणि फॉस्फरसचा तर वायू होऊन उडून जाण्याचा मार्गच नाही, तो माणसाने उचलूनच बाहेर काढावा लागतो. नाल्यातली जलपर्णी काढून काठावरच ढीग लावला तर तो कुजून पुढच्या पावसात सगळं परत पाण्यात, खर्च मात्र झालेला. सुशोभीकरणाच्या बागेत पाणी मुरवायच्या खड्ड्यात भरपूर कंपोस्ट भरलं तर त्यातूनही फॉस्फरस वाहून येतो, म्हणजे हेतू चांगला आणि काम उलटं.

मुख्य अडचण मला दिसते ती अशी की झाडं उद्यान विभागाची, झाडलोट घनकचऱ्याची आणि पावसाळी गटारं तिसऱ्याच विभागाची, त्यामुळे पान एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना त्याला मालकच राहत नाही. सफाई कामगार पाला गोळा करतात पण उचलायला गाडी वेळेवर नाही आली तर ढीग गटाराशेजारीच राहतो, दोष त्यांचा नाही.

तेव्हा साहेब, वृक्षलागवडीच्या योजनेतच पाला उचलण्याचा खर्च आणि जबाबदारी लिहा. कुठल्या रस्त्यावर कुठली झाडं आहेत आणि ती कधी पानं गाळतात हे उद्यान विभागाला माहीत असतंच, त्यावरून झाडायचं वेळापत्रक लावा आणि पावसाचा अंदाज आला की त्या रस्त्यांवर आधी गाडी पाठवा. गोळा केलेला पाला पाण्यापासून लांब नेऊन खत करा, जाळू नका. प्रत्येक झाडाभोवती मातीचं आळं सोडणं सक्तीचं करा. नाल्याकाठी जिथे अजून माती शिल्लक आहे तिथे भिंतीचं टेंडर काढण्याआधी तो पट्टा तसाच ठेवता येईल का हे तपासायला लावा. आणि पावसाळी गटाराच्या तोंडाशी फॉस्फरस, नायट्रोजन मोजून आकडे लोकांसमोर ठेवा, किती झाडं लावली याच्या आकड्याशेजारीच.

पुढच्या पानगळीआधी निदान एका वॉर्डात हे करून बघाल का, एवढंच विचारतो. उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक नागरिक