विषय: बेनी हसनची १५ नंबरची कबर न दाखवल्याबद्दल

व्यवस्थापक,

इजिप्त सहलीच्या सातव्या दिवसाच्या पत्रकात काय छापलंय ते तुम्हाला माहीत असणारच: 'बेनी हसन, चार हजार वर्षांपूर्वीची कुस्ती.' त्या एका ओळीसाठी आम्ही दोघांचे अठरा हजार जादा भरले. माझे वडील ७४ वर्षांचे, कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले.

कैरोतून निघतानाच अत्तराच्या दुकानात पावणेदोन तास गेले. मिन्या शहराच्या पुढे पोहोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. बेनी हसनच्या कबरी कोरलेल्या डोंगराच्या पायऱ्या वडील गुडघे धरत, पाच वेळा बसून चढले. अमेनेमहत आणि खनुमहोतेप या तिथल्या जुन्या सरदारांच्या कबरी दाखवल्या. खनुमहोतेपकडची गाढवं घेऊन आलेल्या परदेशी लोकांच्या रांगेचं भिंतीवरचं चित्र सुरेख आहे, वाद नाही. पण कुस्तीची चित्रं १५ नंबरला, बाकेतच्या कबरीत, त्याच ओळीत थोडं पुढे. दोनशेहून जास्त जोड्या. एक गडी गडद, एक फिकट, म्हणजे कुणाचा हात कुठे ते कळावं. राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारापाशीच उभा होता. गाइड घड्याळ बघत म्हणाला, "बाकी सगळं सेम सेम, चला." वडील त्या बंद दाराला तळवा लावून उभे राहिले. मग उतरले.

आता कालचा फोन. पाऊण तास गाणं ऐकवून तुमच्या ऑफिसातला मुलगा काय म्हणाला, ते शब्दाला शब्द लिहिते.
"मॅडम, कबरी दाखवल्या ना?"
"दोन दाखवल्या. कुस्तीची नाही."
"कुस्तीची चित्रं ना? गुगलवर आहेत की. काकांना मोबाइलवर दाखवा."
मी म्हटलं, हे लिहून द्या. तर म्हणे, "तसं लेखी देत नाही आम्ही." वर दोन हजारांचं व्हाउचर, पुढच्या सहलीसाठी! वा. मग पिरॅमिडही मोबाइलवरच दाखवायचे होते, विमानाचे पैसे वाचले असते.

अत्तरासाठी पावणेदोन तास होते, १५ नंबरसाठी दहा मिनिटं नव्हती. दहा मिनिटं!

याआधी दोन सहली तुमच्याकडूनच केल्या, शेजारच्या चार घरांना तुमचं नाव मीच सुचवलं. आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. व्हाउचर सोबत परत पाठवते आहे. अठरा हजार पंधरा दिवसांत खात्यात जमा झाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. पत्रक जपून ठेवलंय, अत्तरवाल्याची पावतीही.

एक ग्राहक