पहिली पायरी

मा. संपादक, नमस्कार,

परवा तुमच्या पेपरात बसस्टँडच्या रंगरंगोटीची बातमी वाचली, फोटो पण छान होता, म्हणून तिथे एसटीत चढताना माझं काय होतं ते लिहितेय. मला नऊ वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. लोकांना वाटतं म्हातारपणाची गुडघेदुखी, पण हा तसला नाही, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते, आणि तरण्या बायकांना पण होतो. दर तीन महिन्यांनी पुण्याला दाखवायला जावं लागतं आणि आमच्या तालुक्याहून सोयीची गाडी सकाळी साडेसहाची.

आता या आजाराची गंमत अशी की सकाळीच सगळं आखडलेलं असतं. दुपारी मला बघाल तर तुम्ही म्हणाल हिला काय झालंय, पण पहाटे साधी वेणी घालता येत नाही. म्हणून साडेसहाच्या गाडीसाठी मी चारला उठते, गरम पाण्यात हात बुडवून बसते तेव्हा कुठे बोटं वळतात. एवढं करून स्टँडवर पोचलं की गाडी फलाटापासून तीन हात लांब उभी!

फलाटाला लागली असती तर पहिली पायरी सोपी होती, पण खालून रस्त्यावरून ती जवळजवळ दीड फूट उंच, मी टेप लावून मोजलीये. शहरातल्या लो फ्लोअर बसचा अख्खा मजलाच जमिनीपासून 400 मिलिमीटरवर असतो, आमच्याकडे पहिली पायरीच तेवढी आणि वर अजून दोन. बोटांनी दांडा धरवत नाही म्हणून मी कोपर अडकवून स्वतःला वर ओढते, आणि मागून आवाज येतो, अहो ताई चला की, धडधाकट तर दिसताय. एकदा एका आजींनीच पाठीला हात लावून वर ढकललं, ऐंशीच्या तरी असतील, इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

पाणी तर मी पुण्यापर्यंत पीतच नाही. एक म्हणजे बाटलीचं झाकण उघडत नाही, शेजारच्याला सांगावं लागतं, आणि दुसरं म्हणजे मधल्या थांब्यावर दहा मिनिटांत उतरा, बिनकमोडच्या संडासात बसा, उठा आणि परत चढा, हे जमणारच नाही. डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू आहेत, भरपूर पाणी प्या. आता काय बोलणार!

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, मी पण घेते. पण तिकीट अर्धं झालं म्हणून पायरी अर्धी होत नाही ना. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार दिलेत, त्यात आमवाताचं नाव नाही, सांधे किती वाकडे झालेत त्यावरून 40 टक्के भरले तर सवलतीचं कार्ड. माझे भरत नाहीत, औषधांनी सांधे टिकलेत म्हणून! आणि तपासणी दुपारची, तेव्हा मी बऱ्यापैकी चालते. बरं, कार्ड मिळून तरी पायरीचं काय होणार होतं?

माझं मागणं फार नाही. नव्या गाड्या येतील तेव्हा येतील, पण आहे ती गाडी फलाटाला चिकटवून लावा आणि दाराशी एक लाकडी स्टूल ठेवा, कुठलाही सुतार एका दिवसात करून देईल, रंगाच्या एका डब्याएवढा पण खर्च नाही. सध्या स्टँडवरचा चहावाला मला बघितलं की दुधाचा रिकामा क्रेट उलटा करून पायरीखाली सरकवतो, एका हातात किटली आणि दुसऱ्या हाताने क्रेट दाबून धरतो, हलू नये म्हणून. त्याचा गाडा सोमवारी बंद असतो, त्यामुळे मी अपॉइंटमेंट मंगळवारचीच घेते.

आपली एक वाचक