पहिल्या तासात फोन कुठे करायचा?

महोदय,

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्या ह्यांनाही होते. त्यांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी खात्यातून ४८ हजार गेले.

शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला : 'मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल.' खाली मोबाईल नंबर. फोनवरच्या माणसाने नम्रपणे, 'काका, काका' करत एका ॲपची फाईल पाठवली आणि त्या ॲपमधून दहा रुपये भरायला लावले. ह्यांनी कार्डाचा नंबर घातला. असे ॲप मोबाईलमध्ये शिरले की आलेले मेसेज परस्पर पुढे पाठवते, त्यामुळे ओटीपी विचारायची गरजच उरत नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. पैसे कापल्याचे तीन मेसेज लागोपाठ आले, तेव्हा ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

खरा घोळ पुढे झाला. बँकेच्या नंबरावर 'एक दाबा, दोन दाबा' करता करता रात्र गेली. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार. सोमवारी शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, "लिंक तुम्हीच उघडलीत, आता आम्ही काय करणार?" १९३० ही सरकारी हेल्पलाइन आहे आणि तिथे लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, हे आम्हाला त्या दिवशी रांगेतल्या एका मुलाने सांगितले. तोवर पैसे काढून झाले होते.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी नंतर वाचले. चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते नुकसान बँकेचे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. शिवाय ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणे हे बँकेचे काम आहे. तक्रार नोंदवण्याची सोय चोवीस तास हवी, असेही त्यात आहे. चाळीस वर्षे त्या बँकेत आमचे खाते आहे, पण यातले एक अक्षर आम्हाला कुणी सांगितले नव्हते. सांगितले ते फक्त विम्याच्या पॉलिसीबद्दल!

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बँकेने पासबुकाच्या पहिल्या पानावर १९३० हा आकडा, बँकेचा चोवीस तासांचा नंबर आणि हे नियम ठळक मराठीत छापावेत. पासबुक भरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना काउंटरवर दोन मिनिटे समजावून सांगावे. आणि आपल्या दैनिकात सोन्याचा भाव आणि पंचांग रोज येते, त्याच्याच शेजारी १९३० ची छोटी चौकट रोज द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली