मनालीस पत्र

डिचोली

चि. मनाली हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, लोकांना मदत करायला आता सत्तेचाळिसाव्या वर्षी डिग्री कशाला? तुम्ही आयुष्यभर तेच तर करत आलात." मी विषय टाळला. घरात आपण कोंकणी बोलतो, पण हे मला लिहूनच सांगता येईल, आणि लिहायला बसलो की मराठीच येते.

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा तू पाचवीत होतीस. आपला ट्रक अंगणाबाहेर उभा राहिला, दत्ताकाकाचा त्याच्या दारात. हप्ते चालूच. मी दुकान टाकलं, तो प्यायला लागला. पुढे कित्येक वर्षं तो संध्याकाळी आपल्या दारापुढच्या बल्कांवात येऊन बसायचा आणि मी त्याला बायकोमुलांची आठवण करून द्यायचो. तो मान खाली घालून ऐकायचा. एका रात्री मी त्याला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली, उद्यापासून थेंबही नाही.

त्याने ती पाळली, बाये. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि पहाटे फिट आली. बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी विचारलं, "एकदम सोडायला कोणी सांगितलं?" वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर जीवसुद्धा जाऊ शकतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते. हे मला तिथे कळलं. मी गप्प राहिलो. दत्ता वाचला, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानेही माझं नाव घेतलं नाही.

म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्यातल्या एम.ए.सारख्या डिग्रीला, प्रवेश घेतला. तिथे वयाची अट नाही, माझी जुनी बीए चालते, दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. दुकान सांभाळून मला कदाचित चारही लागतील. असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात. इतक्या वर्षांनी पानभर लिहिलं की बोटं आखडतात. फील्डवर्कही आहे, आणि मला ओढ त्याचीच आहे.

तू म्हणशील, डिग्रीशिवायही हे काम होतं. खरं आहे. आपल्या गोव्यातच संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं. त्यांच्या एक ते चार भेटींनी अनेक पुरुषांची दारू सुटली किंवा आटोक्यात आली, आणि तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण त्या माणसांना आधी शिकवलं होतं. ज्यांना दारूशिवाय चालतच नव्हतं, अशांना त्या अभ्यासात घेतलंही नव्हतं. कुणाशी बोलायचं आणि कुणाला आधी डॉक्टरकडे न्यायचं, एवढं मला तेव्हा कळत असतं तर!

दत्ताकाका अजून येतो. परवा मी उपदेशाचा एक शब्द काढला नाही, तर तो तासभर बोलत होता. ट्रक विकला त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच बोलला.

चतुर्थीला येशील तेव्हा त्याला भेट. दुसऱ्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगायची नाही, हेही मी आत्ताच शिकतोय. हे पत्र लिहिण्याआधी त्याला विचारलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मनालीक सांग."

तुझा,
बाबा