डॉक्टर होणारी मुले शाळेतही यावीत

संपादक महोदय,

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबे दत्तक घ्यावीत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमातच आता आले आहे. वर्धा जिल्ह्याला त्याचे नवल नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले आणि तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पण ही मुले गावात आली की घरोघरी जाऊन मोठ्यांचा रक्तदाब बघतात, फॉर्म भरतात. जिल्हा परिषद शाळेतली पोरे नुसती मागे मागे हिंडतात. त्यांच्यासाठी दोन तास काढावेत, एवढीच सूचना.

पाचवीला शरीर शिकवायचे तर आम्ही तक्त्यावर छडी फिरवायचो. ऊन लागून तक्त्यावरचे यकृत आणि जठर एकाच रंगाचे झालेले! शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षालाच होते, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हे सारे हातात धरून पाहिलेले असते. त्यांनी खाटकाकडून बोकडाचे हृदय आणावे, चिरून चार कप्पे आणि झडपा दाखवाव्यात. (माळकऱ्यांच्या घरची पोरे लांब बसतील, हरकत नाही.) मग मैदानात एक चक्कर मारायला लावून प्रत्येकाला स्वतःची नाडी मोजू द्यावी.

पूर्व विदर्भात तर सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी हे फार गरजेचे आहे. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १०-२० दिवसांत संपते. असे पोर थंडीत हातपाय ठणकतात म्हणून घरी राहते आणि वर्गात कामचुकार ठरते. हा आजार शिवल्याने होत नाही, त्या मुलाला पाणी प्यायला वारंवार सोडावे लागते, हे बाकीच्या मुलांना कळायला हवे. गुरुजींनीही मागच्या बाकावर बसून ऐकावे.

हार, भाषणे, फोटो मात्र नकोत. आणि बोलणे मराठीतच. ज्याला मराठी येत नाही त्याने हृदय धरावे, येते त्याने बोलावे.

दिवाळीनंतरची वेळ टाळावी. कापूस वेचणीत अर्धा वर्ग रिकामा असतो. जुलै-ऑगस्ट बरा. तेव्हा साप निघतात, म्हणून दंश झाल्यावर दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा, हेही त्याच तासात सांगून होईल.

– एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा